तिसऱ्या खांबापाशी

प्रज्ञा, खेळाच्या सामानाच्या शेडची किल्ली कुठे आहे हे मी तुला शेवटच्या आठवड्यात दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "आहे न, जागेवरच आहे." तुझ्या घरात कुठल्याच वस्तूला जागा नव्हती, त्यामुळे या उत्तराचा काही उपयोग नव्हता आणि ते तुलाही ठाऊक होतं. तू गेल्यावर फ्लॅट आवरायला घेतला तेव्हा किल्ली सापडली पोह्यांच्या डब्यात. डब्यावर लेबल होतं 'साखर'. ते लेबल मीच लावलेलं. लॉकडाउन उठल्यावर पहिल्यांदा तुझ्या घरात आले आणि स्वयंपाकघर बघून माझं डोकं फिरलं, म्हणून शाळेच्या ऑफिसातलं लेबल मशीन आणून एका दुपारी सगळे डबे लावून दिले. पुढच्या खेपेला बघते तर साखरेत पोहे, पोह्यांत मसूर आणि मीठ एका कॉफीच्या बरणीत.

मी चिडले. तू म्हणालीस, "मले माहीत आहे न कशात काय आहे. लेबल वाचायला इथे दुसरं कोण येऊन राहिलं?"

आता मी आलेय. ओट्यापाशी उभी राहून एकेक डबा उघडते आहे आणि प्रत्येक डबा खोटं बोलतो आहे.

लोक विचारतात, कशी आहेस. बरी आहे म्हणते, कारण 'वैतागले आहे' असं सांगितलं तर लोकांना पुढे काय बोलावं ते सुचत नाही. पण खरं तेच आहे. तुझ्या गाडीचा इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा ते कुणाला माहीत नाही. लायब्ररीची पुस्तकं परत करायची होती, त्यातलं एक बाथरूममध्ये निघालं, भिजून फुगलेलं. तुझ्या फोनचा पासवर्ड माझ्या इराला ठाऊक होता, मला नाही, आणि इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून नाव माझं. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या बाईने, रोज माणसं आजारी पडताना बघणाऱ्या रेडिओग्राफरने, स्वतःच्या जाण्याची इतकी कमी तयारी ठेवावी? तुला बोलले असते तर म्हणाली असतीस, "तू आहेस न." तुझं सगळं नियोजन या तीन शब्दांत होतं.

क्रेमेटोरियममध्ये सगळं नीट झालं, हे सांगून टाकते. तुझ्या भावाने अमरावतीहून व्हिडिओवर त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. मध्येच चित्र गोठलं, तेव्हा स्वॉन्सीहून आलेल्या त्या जोडप्याने पंचशील पुढे चालू ठेवलं. मी सगळ्यांना पांढरे कपडे घालायला सांगितलं होतं. तुझ्या बेसबॉल टीमच्या मुली लाल शर्ट घालून आल्या, पाठीवर नंबर. मी दारातच केरिसला बाजूला घेतलं. ती आता सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि कॅप्टन.

"केरिस, मी पांढरे म्हटलं होतं."

"येस मिस. बट शी वुड हॅव सेड फाइन."

म्हणालीच असतीस. तुझ्यामुळे या मुलींना सूचना म्हणजे वाटाघाटीची सुरुवात वाटते.

त्यानंतरच्या सोमवारी मिस्टर प्रिचर्ड माझ्या खिडकीशी आले. शाळेच्या ऑफिसची ही खिडकी, जिथून मी उशिरा येणाऱ्या मुलांची नोंद घेते, ती तुला माहीत आहे. तिथे टेकून तू तासन् तास माझं काम बिघडवलं आहेस. प्रिचर्ड पीई शिकवतात, कधी घाई करत नाहीत. त्यांनी आधी हवेबद्दल सांगितलं, मग गुडघ्याबद्दल, मग म्हणाले, "मुलींच्या बेसबॉलचं काय करायचं, मीनल? लीगला शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

या वर्षी टीम उतरली नाही तर लीगमधली जागा जाईल, जागा गेली की मुली इकडेतिकडे पांगतील आणि पुढच्या वर्षी टीमच नसेल, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. बोलिंगचा सराव ते घेतील. फील्डिंग केरिस बघेल. "पण तिसऱ्या पोस्टवर उभं राहायला कुणीतरी हवं," ते म्हणाले. "पळायचं की नाही ते सांगायला. तू प्रत्येक मॅचला तिच्या शेजारीच असायचीस. तुला येतं ते."

येतं, प्रज्ञा. कुठला थ्रो लांबून येतोय, कुठली पोरगी दमली आहे, सगळं कळतं मला. पण तिथे उभं राहिलं की एक शब्द ओरडावा लागतो, आणि तू गेलीस त्या दिवसापासून तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही. काढता येत नाही. शेजारच्यांचा कुत्रा अंगावर धावून आला तरी मी इंग्रजीत ओरडते. आईशी फोनवर बोलताना कुकरची शिट्टी झाली तर 'एक मिनिट' म्हणते. मराठी घरात दिवसातून वीस वेळा लागणारा शब्द आहे तो, आणि तू तो माझ्यासाठी बंद करून गेलीस.

थांब.

लिहिता येतो, एवढं खरं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे आपल्या मंडळाच्या अंकात छापायचं आहे आणि वॉटफर्डकडच्या मंडळींना वाटेल मी अमेरिकेतल्या खेळाबद्दल बोलतेय. कार्डिफचं बेसबॉल वेगळं. इथे बॉल खालून टाकतात, बॅट चपटी असते, बेसच्या जागी ओळीने गाठत पळायचे पोस्ट, आणि बॉल पाठीमागे मारला तरी चालतो. तू पहिल्यांदा पार्कमध्ये हा खेळ बघितलास तेव्हा कुंपणाला धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाप्पा, हे तर आपलं सॉफ्टबॉल आहे." शाळा-कॉलेजची सगळी वर्षं तू अमरावतीत सॉफ्टबॉल खेळलीस, युनिव्हर्सिटीपर्यंत. आठवड्याभरात तू आमच्या शाळेत येऊन प्रिचर्डना सांगितलंस की त्यांच्या मुलींचं मनगट चुकतंय. पोस्टला तू खांब म्हणायचीस. पहिला खांब, दुसरा खांब. मी म्हटलं, हा काय खोखो आहे? तू म्हणालीस, "पळायचं आहे न? मग झालं."

तर, महामारीतला तो वसंत. मुलांच्या मैदानी खेळांना पुन्हा परवानगी मिळाली त्या आठवड्यात आपण टॅफच्या काठाने चालत होतो, मध्ये दोन मीटर सोडून. तू मास्क लावला होतास, बाहेर गरज नव्हती तरी. हॉस्पिटलची सवय. दोन मीटरवरून मास्कमधून बोललेलं नदीच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं, त्यामुळे आपलं ते सगळं भांडण मोठ्या आवाजात झालं आणि दोन सायकलवाले मागे वळून बघत गेले.

"सीझन सुरू करू," तू म्हणालीस.

"परवानगी मिळाली म्हणजे करायलाच पाहिजे असं नाही."

"मग कोणासाठी दिली ती? बदकांसाठी?"

"प्रज्ञा, शाळेचे नियम वेगळे, लीगचे वेगळे, इथल्या वेल्सच्या सरकारचे वेगळे, पुलापलीकडे इंग्लंडात आणखी वेगळे. ते सगळे जुळवायचे कुणी? मी. उद्या एक पोर पॉझिटिव्ह आली की घरोघरी फोन करायचे कुणी? मीच. आणि तू हॉस्पिटलमध्ये काम करतेस. तुला मी सांगायला हवं?"

"म्हणूनच म्हणून राहिली." तू थांबलीस. "दिवसभर छातीचे एक्स-रे काढते मी. संध्याकाळी मले पोरी पळताना पाहायच्या आहेत."

यावर मी काय बोलणार होते? पण मी बोलले, कारण मला हरायला आवडत नाही. यंदा सोडून देऊ, पुढच्या वर्षी नीट करू, म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि एकदम विचारलंस, "इरा काय करते?"

"खोलीत आहे. ऑनलाइन क्लास असतात."

"अन् क्लास संपल्यावर?"

पंधरा वर्षांची माझी मुलगी त्या हिवाळ्यात खोलीतून फक्त जेवायला बाहेर येत होती आणि ताट घेऊन परत जात होती. मी आणि तिचा बाबा दाराबाहेरून बोलायचो, ती हो-नाही म्हणायची. मी तिच्यासाठी वेळापत्रक करून दाराला चिकटवलं होतं. ते तिने काढलं नव्हतं, पाळलंही नव्हतं.

"पोर आहे ते, मीनल," तू म्हणालीस. "तुझी फाइल नाही."

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. मग इराचं नाव टीममध्ये घातलं आणि नियम लिहायला बसले.

ते नियम तू वाचलेसुद्धा नाहीस याचा राग मला अजून आहे. घरून कपडे बदलून यायचं. पालकांनी गाडीतून उतरायचं नाही. बॅट दर खेळाडूनंतर पुसायची, बॉल दर डावाला बदलायचा. बॅटिंगची पाळी येईपर्यंत गवतावर मांडलेल्या आपापल्या प्लास्टिकच्या कोनपाशी बसायचं. विनाकारण ओरडायचं नाही. टाळ्या द्यायच्या नाहीत, मिठ्या मारायच्या नाहीत, त्याऐवजी अंगठा दाखवायचा. कोचचं ऐकू आलं तरी अंगठा, कळलं तरी अंगठा. इंग्रजीत 'थम' म्हटलं की अंगठा, अशी मी मुलींकडून तालीमसुद्धा करून घेतली, पाच-सहा वेळा. तू मागे उभी राहून म्हणालीस, "यातून वेळ उरला तर खेळायचं पण आहे का?"

पहिला सामना आपल्याच शहरातल्या दुसऱ्या शाळेशी होता. गार वारं होतं. गाड्यांच्या रांगेतून पालक काचा खाली करून बघत होते, एखादा चांगला फटका बसला की हॉर्न वाजवायचे, ज्याबद्दल नियम करायचा माझा राहून गेला होता. मी जंतुनाशकाची बाटली आणि फडकी घेऊन फिरत होते. तू तिसऱ्या पोस्टपाशी, मास्क लावून. आणि केरिस, तेव्हा तेरा वर्षांची, काटकुळी, दुसऱ्या पोस्टवरून सुसाट निघाली.

फील्डरच्या हातात बॉल होता. मला दिसत होता, तुला दिसत होता, केरिसला नाही. ती तिसऱ्या पोस्टला पोचली आणि पुढे जायला पाय टाकला. एरवी मुलींशी तू इंग्रजीत बोलायचीस, पण घाई झाली की तुझं इंग्रजी आधी पळून जायचं. तू ओरडलीस, "थांब."

केरिसने तुझ्याकडे बघितलं. शिस्तीत अंगठा वर केला. आणि पळाली.

आऊट. इतकी आऊट की फील्डरलाच वाईट वाटलं.

"केरिस, व्हाय डिड यू रन?"

"यू सेड थम, कोच."

"आय सेड थांब."

"येह. थम. आय डिड द थम."

त्यावर इरा हसली. ती तिच्या कोनपाशी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती, जशी महिनोन् महिने पलंगावर बसायची तशी. ती म्हणाली, "इट मीन्स स्टॉप, यू मपेट. इट्स मराठी," आणि मग तिला बोलता येईना. ती हसत हसत गवतावर आडवी झाली, तिच्या कोनपासून चांगली लांब गेली. मी नियमाप्रमाणे तिला जागेवर बसवायला निघाले. तू मैदानाच्या त्या टोकावरून हात आडवा केलास. मला थोपवलंस. तेव्हा मला ऐकू आलं की मी काय थांबवायला निघाले होते.

पुढच्या प्रॅक्टिसला तू जाहीर केलंस की आजपासून आपल्या टीममध्ये थांब म्हणजे पळ. समोरच्या टीमचे फील्डर 'गो, गो' ओरडून आपल्या पोरींना फसवतात, तेव्हा इंग्रजी काहीही कानावर आलं तरी पाय हलवायचे नाहीत. फक्त हा शब्द ऐकायचा, अंगठा दाखवायचा आणि निघायचं.

कार पार्कमध्ये मी तुला गाठलं. "आणि थांबवायचं असेल तर काय ओरडणार?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"अगं पण शब्दाचा अर्थ उलटा केलास तू. बारा मुलींना आपल्या भाषेतला एकच शब्द येणार आणि तोही चुकीचा. इराला धड मराठी यावं म्हणून मी घरात जीव काढतेय."

"तू माझ्या घरून निघताना काय म्हणते?"

"काय म्हणते म्हणजे? येते म्हणते."

"अन् करते काय?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले.

"जाते न? 'येते' म्हणून जाते. ते तुमच्या पुण्यात शुद्ध. मी 'थांब' म्हणून पळवलं तर भाषा बुडाली."

याचं उत्तर मला नंतर सुचलं: 'येते' म्हणतो कारण परत येणार असतो, जाते म्हणणं बरं वाटत नाही म्हणून. त्यात अर्थ उलटा नाही, पुढचा आहे. हे मला कितीतरी महिन्यांनी भांडी घासताना सुचलं आणि तुला सांगायचं ठरवलं, पण दर वेळी दुसरंच काहीतरी निघायचं. आता सांगते आहे. खोडून काढ.

मग चार सीझन तोच शब्द चालला. एकदा समोरच्या शाळेच्या कोचबाई बर्फाची पिशवी घेऊन धावत आल्या, कुणाच्या अंगठ्याला लागलंय म्हणून. तू पिशवी घेतलीस, आभार मानलेस आणि सामना संपेपर्यंत स्वतःच्या अंगठ्यावर धरून उभी राहिलीस. एवढं खोटं इतक्या सरळ चेहऱ्याने बोलणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

एकदा मी तुला नीट विचारलं होतं. निकाल काही फार चांगले लागत नव्हते, निम्मे रनआऊट या शब्दापायीच व्हायचे, कारण घाईत तू स्वतःच विसरायचीस आणि खरोखर थांबवायला 'थांब' ओरडायचीस. मी म्हटलं, "सोडून दे ना हे. कशाला ठेवलंयस?"

तू बॅटा पिशवीत भरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पोरगी हसली न त्या दिवशी."

एवढंच. पुढे आपण पिशवीची चेन अडकली त्यावर बोललो. मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं की त्या सामन्यानंतर इरा घरी आली आणि ताट घेऊन वर गेली नाही. टेबलाशी बसून तिने बाबाला केरिसची नक्कल करून दाखवली. दुसऱ्या दिवशी दाराचं वेळापत्रक काढून टाकलं आणि मला म्हणाली, मला याची गरज नाही, पण थँक्स. हे सगळं मी तुला कधीतरी सविस्तर सांगणार होते. आपण दोघी आभार मानण्यातल्या नव्हतो. भांडण्यातल्या होतो, आणि मला वाटायचं त्यात ते येऊन जातं. आलं असेल तर बरं.

आता हॉस्पिटलचं.

तू तुझ्याच हॉस्पिटलमध्ये होतीस, तुझ्या डिपार्टमेंटची माणसं पाळीपाळीने डोकावत होती आणि तू सगळ्यांना सांगत होतीस की तुझा शेवटचा स्कॅन कुणीतरी तिरका काढलाय. दुपार होती. तू बराच वेळ डोळे मिटून पडली होतीस. मग म्हणालीस, "दादाशी बोलायचं आहे." अमरावतीत संध्याकाळ उलटून गेली असणार, पण तुझा भाऊ फोन उशाशी घेऊनच असायचा. तुझ्या वॉर्डात सिग्नल यायचा नाही. लावायला कॉरिडॉरच्या टोकाला, लिफ्टपाशी जावं लागायचं, आणि एकदा लागला की चालत आत आणला तर टिकायचा. ही पद्धत मीच शोधून काढली होती.

मी उठले, फोन घेतला आणि म्हटलं, "थांब हं, लावून आणते."

तू चादरीवरून अंगठा वर केलास.

मला हसू आलं. तशीच गेले. फोन लागला, दादा म्हणाले, "हं, बोल ताई," मी म्हटलं, "देते हं तिला," आणि वॉर्डात आले. नर्स तुझ्या पलंगापाशी उभी होती आणि तिने माझ्याकडे बघितलं, आणि फोनमधून दादा म्हणत होते, "प्रज्ञा? ऐकू येऊन राहिलं का, प्रज्ञा?"

मी मराठीत म्हणाले होते, प्रज्ञा. टीमच्या भाषेत नाही, तुझ्या नाही, डिक्शनरीत आहे त्या अर्थाने म्हणाले होते. तुझ्या भावाशी बोलायचं राहिलं. किल्लीचं सांगायचं राहिलं. माझ्या 'येते'चं उत्तर राहिलं. आणि तू अंगठा दाखवून मोकळी.

लोक म्हणतात, शांतपणे गेली. त्यांना काय सांगू? माझ्या तोंडून ऐकून गेली.

गुरुवारी संध्याकाळी केंब्रिजहून इराचा फोन आला. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं आणि मी तिला सांगितलं की प्रिचर्डना नाही म्हणणार आहे. कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, वेळ नाही.

"आई, तू तो शब्द बोलत नाहीये. मी नोटीस केला."

"नोटीस केलं."

"केलं. प्रज्ञामावशीचा शब्द आहे तो. पण तो टीमची पण आहे ना?"

"टीमचा."

"टीमचा. तू करेक्ट करतेस म्हणजे तू ओके आहेस. मग जा ना प्रॅक्टिसला, बुधवारला."

"बुधवारी."

"सी?" ती म्हणाली.

मी कळवलं. टीम उतरते आहे म्हणून. आणि ठरवलं की मी सगळं इंग्रजीत करीन. स्टॉप म्हणजे स्टॉप, गो म्हणजे गो, जगातल्या इतर सगळ्या टीमसारखं. चार वर्षांचा गोंधळ संपेल, रनआऊट कमी होतील. तुझ्या आठवणीचा अपमान वगैरे काही नाही त्यात. साफसफाई आहे, डब्यांसारखी.

बुधवारी शेड उघडली. किल्ली नीट लागत नाही, डावीकडे दाबून फिरवावी लागते, हेही तू सांगितलं नव्हतंस. बॅटांच्या पिशवीच्या तळाशी जंतुनाशकाची एक जुनी बाटली निघाली, वाळलेली. मी ती टाकली. मग परत काढून ठेवली. कशाला ते विचारू नकोस.

दोन गट पाडून आपसात सामना लावला. प्रिचर्ड बोलिंगला. मी तिसऱ्या पोस्टपाशी जाऊन उभी राहिले. तिथलं गवत घासलेलं आहे, तुझ्या बुटांनी, त्याच्या जरा बाजूला उभी राहिले. तीन मुली आल्या आणि आपल्या आपण पळून गेल्या, मला काही म्हणावं लागलं नाही. मग केरिसने लांब फटका मारला, पहिला पोस्ट, दुसरा, आणि माझ्यापाशी येऊन थांबली. बॉल अजून कुंपणाकडे होता. शेवटच्या पोस्टपर्यंत रस्ता मोकळा होता.

"गो," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"केरिस, गो."

"दॅट्स नॉट द वर्ड, मिस."

उद्धटपणा नव्हता त्यात. चार वर्षं जे शिकवलंस तेच ती करत होती. तिकडे फील्डरने बॉल उचलला. मी म्हटलं, "पळ." बरोबर शब्द, शुद्ध मराठी.

"पुल?" केरिस म्हणाली. "पुल व्हॉट?"

इतक्या वर्षांत तू त्यांना 'पळ' शिकवलाच नाहीस. एकदाही नाही. कोनांपाशी बसलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. प्रिचर्ड बुटाची नाडी बांधत होते, जी सुटलेली नव्हती. केरिस माझ्याकडे बघत होती, एक पाय पुढे टाकून, आणि तिचे डोळे भरलेले होते, हे मला तेव्हा दिसलं. बॉल हवेत होता. आता खरं तर जायची वेळ टळून गेली होती, कुणीही सांगितलं असतं.

मी ओरडले. शब्द नीट आला नाही, पण आला.

तिने अंगठा वर केला आणि निघाली, लांब लांब टांगा टाकत, आणि मागून सगळ्या तोच शब्द ओरडायला लागल्या, बारा वेल्श तोंडांतून बारा तऱ्हांनी.

आऊट झाली. बॉल तिच्या कितीतरी आधी पोचला होता. मी तुला पहिल्यापासून सांगत होते, प्रज्ञा. थांब म्हणजे थांब.